काबुगनान पोल्काचा चौथा फेर

सोरिंगबाईंना नाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एकेचाळीस वर्षं त्यांनी काबुगनानच्या शाळेत नाच शिकवला आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या पायांना जे काही वळण आहे ते त्यांनीच लावलेलं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. सोरिंगबाईंनी अंगणाला कधी बोल लावला नाही. त्यांनी टेप आणली, अंगण मोजलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि त्या रेघांवर पोरांना उभं केलं. अंगण वाकडं असतं तर त्यांनी तेही सरळ करून घेतलं असतं, गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, नको म्हणाला असता तरी.

पूर्ण नाव कोन्सोर्सिया दालुम्पिनेस. नेमणूक झाली ती गणित शिकवायला. पण त्याच सुमारास वरून फर्मान आलं की प्रत्येक शाळेत पोरांकडून तालावरच्या हालचाली करून घ्यायच्या, आपले देशी नाच शिकवायचे, आणि त्यासाठी एक शिक्षिका तयार करायची. हेडमास्तरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. एक बाई गरोदर, एक साठीला टेकलेली, एकीचा नवरा संशयी. उरल्या चोवीस वर्षांच्या सोरिंगबाई.

"मला नाचता येत नाही, सर," बाई म्हणाल्या.

"आकडे येतात ना? मग झालं. नाच म्हणजे तरी काय, एक-दोन-तीनच की," असं म्हणून हेडमास्तरांनी त्यांच्या हातात पत्र ठेवलं. उन्हाळ्याच्या सुटीत इलोइलो शहरात सहा आठवड्यांचं नृत्यशिक्षणाचं शिबिर होतं.

शिबिरात पहिल्याच दिवशी बाईंनी दोघींचे अंगठे तुडवले आणि स्वतःच्या पायात पाय अडकून एका खांबाला मिठी मारली. पण एक गोष्ट त्यांना अशी जमली की बाकीच्या शिक्षिका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. नाच लिहिणं. समोर कुणी नाचलं की बाई वहीत खाली मान घालून आकडे मांडायच्या: उजवा पाय कुठे, डावा हात कुठे, कितव्या मात्रेला वळायचं, तोंड कुणाकडे. त्यांची वही वाचून लाकडाचा ओंडकाही नाचला असता. बाई सोडून सगळे नाचले असते.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात आज्ञा निघाली. प्रत्येकीने आपापल्या गावी जायचं, गावचा एक जुना नाच शोधायचा, लिहायचा आणि सोमवारी घेऊन यायचं. जी रिकाम्या हाती येईल तिचं नाव यादीतून कापलं जाईल. बाई बसने, मग बैलगाडीने, मग पायी काबुगनानला आल्या आणि घरोघर फिरल्या.

"नाच? आमच्या गावात?" लोक हसायला लागले. "जत्रेला बँडवाले जे वाजवतात त्यावर उड्या मारतो, बाई. आमच्या गावचं म्हणाल तर खोकला आहे. तो न्या लिहून."

दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी बाई नदी ओलांडून पलीकडच्या शेवटच्या घरी गेल्या. तिथे पात्रोना राहायची, पंचेचाळीस वर्षांची, कुणाच्याही लग्नात सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी बसणारी. बाईंचे बूट ओले, डोळे ओले. "मला नाच सापडला नाही तर माझं नाव कापतील," एवढंच बोलून त्या पायरीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. पात्रोनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तासियो, मुका नव्हता पण बोलायचा कंटाळा. दोघं आत गेली, थोड्या वेळाने बाहेर आली, आणि पात्रोना म्हणाली, "आहे की. माझ्या आजीच्या वेळचा. वही काढा."

तासियोने नाकातून सूर धरला आणि दोघं अंगणात उतरली. पहिला फेर, दुसरा फेर, तिसरा फेर. समोरासमोर यायचं, खांद्याला खांदा लावून पुढे जायचं, हात धरून गोल फिरायचं. बाई पायरीवर बसून धडाधड लिहीत होत्या. डोळे वहीत, कान तासियोच्या नाकाकडे, आणि अधूनमधून नजर फक्त पात्रोनाच्या पायांपर्यंत. चौथ्या फेरात पात्रोना एकदम नवऱ्याकडे पाठ करून वळली. दोन्ही हातांनी तिने घागरा धरून झटकला, उजवा पाय दोनदा आपटला, डावीकडे तीन पावलं धावली आणि वाकून ओरडली, "हुश!" मग तेच पुन्हा, उजवीकडे. बाईंनी लिहिलं: 'फेर चौथा. साथीदाराकडे पाठ. घागऱ्याला झटका. उजवा पाय आपटणे, दोनदा. डावीकडे तीन पावलं, कमरेत वाकून "हुश" असा उद्गार. आठ मात्रा. तेच उजवीकडे.' मान वर केली तेव्हा अंगणात चटयांवर वाळत घातलेलं भात तेवढं दिसलं. कोंबड्या गेल्या होत्या. त्यांना हाकलूनच लावलं होतं, मग दिसणार कुठून?

इलोइलोला काबुगनान पोल्काचं काय कौतुक झालं म्हणता! हे नावही बाईंनीच बसमध्ये ठेवलेलं. आणि चौथ्या फेरावर तर शिबिराच्या प्रमुख बाई लट्टू झाल्या. "केवढा मान आहे बघा या पोरीत! प्रियकराकडे पाठ फिरवते, पाय आपटते, त्याला हुश म्हणते! आमच्या मुलींनी पिढ्यान् पिढ्या जपलेला हा ताठा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोरिंगबाईही भारावल्या. आपल्या गावच्या मुलींना एवढा ताठा आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

मग तो नाच सायक्लोस्टाइलच्या पुस्तिकेत गेला, महायुद्धानंतर जाडजूड हिरव्या पुस्तकात गेला, आणि त्या पुस्तकातून साऱ्या बेटांवरच्या शाळांत. उत्तरेला डोंगरातली पोरं हुश करायला लागली, दक्षिणेला समुद्राकाठची पोरं हुश करायला लागली. राजधानीच्या एका मंडळाने रेशमी घागरे घालून परदेशात जाऊन हुश केलं म्हणे. काबुगनानात तर काय विचारता. लग्न असो, बारसं असो, कुणी सातासमुद्रापलीकडून परत आलेलं असो, पोल्का झाल्याशिवाय पान हलायचं नाही. हिरव्या पुस्तकात नाचाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: 'संकलन: कोन्सोर्सिया दालुम्पिनेस.' बाईंनी त्या पानाला पारदर्शक कागद लावून ठेवला होता.

त्या पुस्तकाने बाईंचा तोराही वाढवला, हेही सांगायला पाहिजे. हातात बांबूची काठी, तोंडात सतत 'एक-आणि-दोन'. चर्चमध्ये प्रार्थना म्हणतानाही टाच हलायची. पोस्टमास्तरने लग्नाची मागणी घालायला पोल्काच्याच वेळी हात पुढे केला, पण दुसऱ्या मात्रेला. "पहिल्या मात्रेला हात द्यायचा असतो," बाई म्हणाल्या, आणि त्या बिचाऱ्याने पुढच्या महिन्यात बदली मागून घेतली. पुस्तकात जे आहे ते बरोबर, बाकी सगळं चूक. अर्ध्या मात्रेला गुण कापले जायचे.

आता बाईंनी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. एकोणीसशे त्रेपन्नची गोष्ट. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पाचवीतल्या आठ मुली निवडल्या होत्या. त्यांतली एक निसिंग, म्हणजे दियोनिसिया सुमाग्पाओ, पात्रोनाची नात; आजीला ती लोला म्हणायची. पोर पायाने हलकी आणि तोंडाने त्याहून हलकी. तिच्या आईने रात्रंदिवस मशीन चालवून पिवळा झगा शिवला होता, बाह्यांना झालर लावून. सराव चालू होता. चौथा फेर आला आणि निसिंग फिसकन हसली.

"काय झालं दात काढायला?"

"काही नाही, बाई."

"सांग. आम्हीही हसू."

"बाई, लोला म्हणते त्या कोंबड्या होत्या. भात खायला आल्या होत्या, म्हणून ती हुश म्हणाली."

सगळ्या मुली खिदळल्या. आणि त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांपुढे एकोणीस वर्षांपूर्वीचं ते अंगण लख्ख उभं राहिलं: चटया, त्यांवरचं भात, पात्रोनाचं वाकणं. पोर खरं बोलतेय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय असतं तेही कळलं. हिरवं पुस्तक, बारीक अक्षरातलं नाव, रेशमी घागरे, सगळं एका कोंबडीच्या पायाखाली आलं.

बाईंनी काय करावं? "पुस्तकात कोंबड्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत, बाई."

"मग उद्यापासून तू सरावाला यायचं नाही."

त्यांनी यादी काढली आणि सगळ्यांच्या देखत लाल पेन्सिलीने निसिंगचं नाव कापलं. त्या वर्षी काबुगनानची शाळा इलोइलोला जाऊन पहिली आली. निसिंग गेली नाही. तो पिवळा झगा ती दर रविवारी मिसाला घालायची, बाह्या काखेत काचायला लागेपर्यंत, पुरती दोन वर्षं. बाई दोन वर्षं चर्चमध्ये खांबाआडच्या बाकावर बसल्या. लोकांना वाटलं, बाईंना वारा सोसत नाही.

पुढे निसिंग शिकली, शिक्षिका झाली, आणि दैवाची थट्टा बघा, नेमणूक मिळाली ती काबुगनानलाच, सोरिंगबाईंच्या शेजारच्या वर्गावर. अकरा वर्षं रोज सकाळी ती व्हरांड्यात भेटायची आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग, बाई." आवाजात राग नाही, टोमणा नाही, काही नाही. भांडली असती तर बाई भांडल्या असत्या. शिव्या दिल्या असत्या तर गुण कापले असते. पण त्या गुड मॉर्निंगला काय उत्तर द्यायचं? "गुड मॉर्निंग, निसिंग," बाई म्हणायच्या आणि दिवसभर काठी जरा जास्तच आपटायच्या.

अशात बाईंची निवृत्ती सहा आठवड्यांवर आली आणि पत्र आलं. हिरव्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. प्रत्येक नाच त्याच्या मूळ गावी जाऊन, शक्य तर मूळ नाचणाऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायचा होता. काबुगनान पोल्काची मूळ नाचणारी हयात असल्याचं समजतं, असं पत्रात लिहिलं होतं. हयात? पात्रोना शहाऐंशी वर्षांची होती, विडीचं पेटतं टोक तोंडात आत ठेवून ओढायची, आणि डुकराच्या चरबीबद्दल डॉक्टरांशी भांडायची.

बाईंची झोप उडाली. म्हातारीने चौथा फेर गाळला तर एकेचाळीस वर्षांचं पितळ उघडं पडणार. आणि तिने चौथा फेर केला तर खोट्यावर सरकारी शिक्का बसणार आणि ते कायमचं खरं होणार. इकडे आड, तिकडे विहीर. आठवडाभर बाईंना जेवण गेलं नाही. शिजवलेला भात पुढ्यात घेऊन त्या बसायच्या आणि भाताकडे बघून त्यांना पुन्हा ते अंगण आठवायचं.

शनिवारी सकाळी तपासनीस आले. श्री. माग्बानुआ, वय तिशीच्या आतबाहेर, केसांना तेल, हातात टेपरेकॉर्डर, काखेत तीन प्रतींचा फॉर्म. नदीपलीकडच्या त्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. चर्चचे बाक आणले होते, केळीच्या पानावर तांदळाचे वाफवलेले पुतो होते, कॉफीची किटली फिरत होती. एका बाजूला निसिंगने शाळेतली पोरं रांगेत उभी केली होती. मधोमध वेताच्या खुर्चीत पात्रोना.

"लोला," माग्बानुआ आदराने वाकून म्हणाले, "तुम्हाला जमेल तेवढंच करा हं. बसून हात हलवलेत तरी चालेल."

"बसून तुझी लोला नाचत असेल," पात्रोना म्हणाली. "उठव मला."

तासियो जाऊन दहा वर्षं झाली होती, म्हणून साथीला निसिंग उभी राहिली. कुणीतरी गिटार छेडली. म्हातारीने पहिला फेर केला, दुसरा केला, तिसऱ्याला मध्ये थांबून खोकली आणि तिथूनच पुढे चालू केलं. बाईंनी बांबूची काठी दोन्ही हातांनी धरली. चौथा आला. पात्रोनाने नातीकडे पाठ केली. घागरा झटकला. पाय आपटला, दोनदा. तीन पावलं गेली, वाकली, आणि विशीतल्या पोरीला लाजवील अशी खणखणीत आरोळी दिली, "हुश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अगदी पुस्तकाबरहुकूम!" माग्बानुआ आनंदाने ओरडले. "एक मात्रा इकडची तिकडे नाही! दालुम्पिनेस मॅडम, अभिनंदन!" आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पडला खरा, पण तिथे राहीना. कारण त्यांची नजर गेली निसिंगकडे. निसिंग म्हाताऱ्या आजीला हाताला धरून खुर्चीत बसवत होती, आणि बसवता बसवता तिने एकदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं. नेहमीसारखंच. सभ्यपणे. एक गुड मॉर्निंग तेवढं राहिलं होतं.

"थांबा!" बाई उभ्या राहिल्या. हातातली काठी खाली पडली, ती कुणी उचलली नाही. "सही करू नका, सर. चौथा फेर नाच नाहीये. ती माझी चूक आहे."

"काय म्हणालात?"

"त्या कोंबड्या होत्या." एकदा बांध फुटल्यावर बाई थांबेनात. "अंगणात भात वाळत होतं. पात्रोना कोंबड्या हाकत होती. माझे डोळे वहीत होते. मी आठ मात्रा लिहिल्या. आणि मला कळलंय, बावीस वर्षांपूर्वीच कळलंय. या निसिंगने मला सांगितलं, सगळ्या वर्गासमोर, आणि मी तिचं नाव यादीतून कापलं. ती खरं बोलली म्हणून कापलं."

माग्बानुआंचं पेन हवेत. "म्हणजे... चौथा फेर म्हणजे नक्की...?"

"कोंबड्या!" रांगेतलं एक पोर ओरडलं.

"कोंबड्या! कोंबड्या!" मग चाळीसच्या चाळीस पोरं ओरडली आणि न सांगता सगळ्यांनी हुश केलं. शेजारच्या घरातल्या खऱ्या कोंबड्या उडाल्या.

निसिंग लाजेने लाल झाली. "बाई, माफ करा. पोरांना तो फेर जमतच नव्हता. मानी मुलगी, प्रियकराकडे पाठ, असलं काही त्यांना कळत नाही. कोंबड्या हाका म्हटलं की लगेच जमतं. पण तुमच्यासमोर म्हणू नका, असं मी त्यांना बजावलं होतं."

"सगळ्यांना माहीत होतं?" बाईंनी गर्दीकडे बघून विचारलं.

"अहो बाई, आम्ही त्याला कोंबडीफेरच म्हणतो," मागून एक जाडजूड बाई म्हणाली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, अर्ध्या मात्रेसाठी कितीदा तरी गुण कापलेली. "तुमच्या माघारी."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार? निसिंगचं काय झालं ते बघितलं होतं की सगळ्यांनी."

हे लागलं. बाई बाकावर बसल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण गावापासून गुपित लपवलंय. प्रत्यक्षात अख्खं गाव त्यांच्यापासून ते लपवत होतं, आणि तेही प्रेमाने नव्हे, भीतीने.

माग्बानुआ मात्र सरकारी माणूस, त्यांना फॉर्मची काळजी. ते पात्रोनाच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "लोला, म्हणजे तुमच्या आजीच्या वेळी तीनच फेर होते, असं लिहू का?"

"कसली आजी?" पात्रोनाने विडी तोंडातून काढली. "माझी आजी एका पायाने लंगडी होती. ती कुठली नाचते?"

"पण पुस्तकात..."

"पुस्तकात हिने लिहिलंय. हिला मी सांगितलं. नाच नव्हताच मुळी, पोरा. कुठलाच नव्हता." आता गावाचाही आ वासला, कारण हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारीला मजा यायला लागली होती. "ही आली रडत. म्हणे नाच नाही मिळाला तर नाव कापतील. तासियो म्हणाला, शिक्षिका दारात आलीय, रिकाम्या हाताने कशी पाठवायची? मग आम्ही आत जाऊन ठरवलं. तू इकडून ये, मी तिकडून येते, मग गोल फिरू. तीन फेर झाले आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, आता काय करायचं? तेवढ्यात मेल्या कोंबड्या आल्या भातावर. तेव्हा तुझे तीन फेर खोटे, पोरा. खरा काय तो चौथाच."

असा हशा पिकला की गिटारवाल्याच्या हातून गिटार सुटली. पोरं हुश हुश करत नाचायला लागली. हसता हसता लोकांच्या लक्षात आलं की पात्रोना हसत नाहीये. तिने काठी टेकली आणि सोरिंगबाईंकडे बोट केलं.

"इकडे ये, इंदाय," ती म्हणाली. पासष्ट वर्षांच्या बाईंना इंदाय, म्हणजे पोरी, म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. बाई गेल्या. "तुझं नाव कापलं जाऊ नये म्हणून मी नाच बनवला. आणि त्याच नाचापायी तू माझ्या नातीचं नाव कापलंस. पोरगी तीन दिवस जेवली नाही. मी तेव्हाच येऊन सगळं सांगू शकत होते. तुझ्या हिरव्या पुस्तकाच्या चिंध्या झाल्या असत्या. पण म्हटलं, शहाणी बाई आहे, स्वतःहून येईल. बावीस वर्षं वाट बघितली. फार उशीर केलास, इंदाय. मी मेले असते तर?"

बाईंना रडू आवरेना. त्या रडल्या, मात्रा न मोजता. "निसिंग," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. त्या दिवशीही मला कळत होतं की माझं चुकतंय. तो पिवळा झगा दर रविवारी मी बघत होते."

निसिंगने आजीची काठी घेऊन खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मला अजून राग येतो, बाई. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणताना येतो."

"यायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे," माग्बानुआ रडवेले होऊन म्हणाले, "पण मी लिहू काय? मूळच नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे हा नाच पुस्तकातून रद्द करावा लागेल."

"रद्द?" ती जाडजूड बाई बाकावरून उठली. "माझं लग्न त्या पोल्कावर झालंय! माझ्या तीन पोरींची झाली! नवऱ्याला काय सांगू, लग्न रद्द?"

"तुमचं पुस्तकच रद्द करा!" कुणीतरी ओरडलं.

"अरे, एकेचाळीस वर्षं पाय झिजवलेत आम्ही त्यावर," पात्रोना म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारतं का, तुझा बाप कोण म्हणून? लिही, गावचा नाच आहे. आणि कॉफी पी."

सोरिंगबाईंनी डोळे पुसले आणि माग्बानुआंच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. असल्या कागदांवर कुठे काय लिहायचं ते त्यांना अख्ख्या प्रांतात सगळ्यांत जास्त कळत होतं. रकाने त्यांनी बोटाने खालपर्यंत वाचले आणि फॉर्म परत देऊन, बाकावर बसून सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगायच्या तशाच आवाजात, फक्त तो आवाज मध्ये मध्ये फाटत होता.

"लिहा. रचना: पात्रोना आणि अनास्तासियो सुमाग्पाओ, काबुगनान, एकोणीसशे चौतीस. लिहिलंत? फेर चौथा: कोंबड्या हाकणे. आठ मात्रा. तेच उजवीकडे. संकलन, तिथे माझं नाव आहे ते खोडा."

"मॅडम, संकलन तर तुमचंच आहे."

"बरं, राहू दे. पण खाली रकाना आहे बघा, 'दुरुस्ती असल्यास कोणी सुचवली'. तिथे लिहा: दियोनिसिया सुमाग्पाओ. इयत्ता पाचवी. एकोणीसशे त्रेपन्न."

"पण त्या तर आता शिक्षिका आहेत. हुद्दा लिहायला हवा."

"इयत्ता पाचवी," बाई म्हणाल्या. "तेव्हा ती पाचवीत होती."

माग्बानुआंनी लिहिलं. खाली दोन कार्बन होते म्हणून जोर देऊन लिहिलं. निसिंग त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग बाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि पदराआड लपवावं तसं तोंड हातांनी झाकून घेतलं. जराशाने ती म्हणाली, "बाई, त्या यादीत माझं नाव चौथं होतं."

"तिसरं," सोरिंगबाई म्हणाल्या. "तिसरं होतं, निसिंग. मला माहीत आहे."